भोंग्याचे शुद्धिपत्र

वर्तमानपत्रात चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर शुद्धिपत्र द्यावे लागते. बीडच्या एका दैनिकात सहा वर्षे उपसंपादक असताना मी अशी बरीच शुद्धिपत्रे लिहिली. त्यातली दोन आधीच्या शुद्धिपत्रांची होती. पुढे नोकरी सोडून मी आवाज तयार करण्याच्या धंद्यात आलो. या धंद्यात चूक छापली जात नाही, वाजते. आणि वाजलेली चूक परत कशी घ्यायची हे कोणी शिकवत नाही. बावीस वर्षांत ती वेळ माझ्यावर एकदाच आली. त्या चुकीपायी माजलगावच्या बाजूच्या चंद्रकलाबाई नावाच्या शेतकरी बाईंचा ऊस अवेळी तोडला गेला. हे लेखन मुख्यतः त्याबद्दल आहे.

आधी धंदा काय ते सांगतो. बीडच्या बसस्टँडमागे टायरच्या दुकानावर माझी खोली होती. भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला गोधडी. टेबलावर एक सिंथेसायझर आणि एक ड्रम मशीन, जमिनीवर पायाने दाबायची चार पेडल. येणारे-जाणारे सिंथेसायझरला पेटी म्हणत. पेटीत हवा असते, यात वीज असते. वीज आतल्या आत थरथरते आणि डासासारखा कच्चा आवाज निघतो. त्याला फिल्टर लावला की धार जाते. चहा गाळण्यासारखेच ते, फक्त या गाळणीची भोके गाळता गाळता लहानमोठी करता येतात. आवाज एकदम उठावा की हळूहळू, किती टिकावा, कसा विझावा, हे सगळे गोल बटणांवर. अशी चौतीस बटणे होती. ड्रम मशीन ठेका धरते आणि दमत नाही. पेडलांपैकी एक आवाज पुन्हा पुन्हा ऐकवते, एक त्याला हौदात बसवते, एक फाडते. चौथे काय करते हे मला शेवटपर्यंत नीट कळले नाही, पण ते दाबले की गिऱ्हाईक खूश होई.

माझ्या सिंथेसायझरला स्मरणशक्ती नव्हती. सापडलेला आवाज बटणे हलली की गेला. म्हणून मी वही ठेवली. एका आवाजाला एक पान. पानावर चौतीस वर्तुळे, प्रत्येकात बटण कुठे होते त्याची रेघ, खाली विजेचा दाब आणि हवा. हवेची नोंद हौसेखातर नव्हती. एप्रिलच्या दुपारी ते यंत्र सुरावरून घसरे आणि संध्याकाळी आपोआप जागेवर येई. आवाजाला शीर्षक देण्याची सवय दैनिकातली. ‘भिजलेली ताडपत्री’, ‘टँकर रिकामा’, ‘गुरुजी दारात’, अशी शीर्षके त्या वहीत आहेत.

गिऱ्हाइके सगळ्या प्रकारची. एका कोचिंग क्लासच्या सरांना जाहिरातीसाठी यशाचा आवाज हवा होता. मी तीन दिवस तुताऱ्या, घंटा आणि मधले बरेच काही ऐकवले. सर मान हलवत राहिले. शेवटी पाने उलटताना चुकून एक जुना आवाज वाजला. सर म्हणाले, “हाच. पोरं दचकून जागी होतील.” वहीत त्याचे शीर्षक ‘कुकर, दुसरी शिट्टी’ असे होते. ते मी त्यांना सांगितले नाही. एका पुढाऱ्याला भाषणाच्या कॅसेटमध्ये टाळ्या घालून हव्या होत्या. ड्रम मशीनमध्ये टाळी असते. मी शंभरेक माणसांची भरघोस टाळी करून दिली. ती ऐकून तो म्हणाला, “लई शिस्तीत वाजवायलेत बे. आपल्या सभेतले वाटत न्हाईत. जरा दोघंतिघं उशिरा वाजवू द्या.”

आता मूळ प्रकरण.

दुष्काळाचे तिसरे वर्ष होते. माजलगावच्या धरणात तळाचे पाणी उरले होते आणि ते पिण्यासाठी राखून ठेवलेले होते. त्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याचे दोन गळीत हंगाम झाले नव्हते. (नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.) तोडणीच्या टोळ्या पश्चिमेकडच्या कारखान्यांवर गेल्या होत्या. कारखान्याच्या आवारात जनावरांची छावणी बसली होती. मात्र कारखाना बंद असला तरी संचालक मंडळाची निवडणूक बंद नसते. ती लागली, आणि चेअरमन प्रचाराचे गाणे करून घ्यायला माझ्या खोलीत आले.

“पत्रकारसाहेब, गाणं व्हईल. पण सुरवातीला आपला भोंगा पायजे. सभासदाच्या काळजात वाजला पायजे.”

“कारखान्यावर येऊन खऱ्याच भोंग्याचं रेकॉर्डिंग करतो,” मी म्हणालो.

“बॉयलर थंड हाय.”

“एक दिवस पेटवा.”

“एका भोंग्यासाठी बॉयलर पेटवला तर विरोधक ऑडिट लावतील.” ते उठले. “मानूस पाठवतो. समदा भोंगा त्याच्या डोक्यात हाय.”

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. यंदा थोडा का होईना हंगाम घेऊ, असे चेअरमन प्रत्येक सभेत सांगत होते. कालव्याकाठी तुरळक ऊस अजून उभा होता. “भोंगा वाजला की कोयता उचला,” हे त्यांचे वाक्य टाळ्या घेत असे. त्या टाळ्या खऱ्या होत्या. हे वाक्य मला माहीत होते. एका सभेचे रेकॉर्डिंग मीच केले होते.

दुसऱ्या दिवशी रंगूमामा आले. कारखान्याच्या बॉयलरवर सत्तावीस वर्षे काम केलेले, आता त्याच आवारात पहारा करणारे. भोंगा वाफेवर चाले आणि त्याची साखळी ओढण्याचे काम त्यांचे. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे. “डावा भोंग्याला दिला,” असे ते सांगत. स्पीकरकडे उजवा कान करून ते बसले आणि पुढचे तीन दिवस त्यांनी माझे आवाज नापास केले.

पहिला आवाज ऐकून म्हणाले, “ही रेल्वे झाली. बीडला रेल्वे न्हाई. लोकं टेसन हुडकत हिंडतील.”

दुसऱ्याला, “म्हस अडल्यावानी वाटायलंय.”

सातव्याला नुसतेच म्हणाले, “जेवून घ्या तुमी.”

दुपारी त्यांनी स्वतःहून सांगितले, “साहेब, भोंगा आदी खोकतो.”

“खोकतो?”

“पाईपात पानी साचतंय. वाफ आली की आदी ते थुकतो, मग बोलतो. तुमचा एकदम बोलाय लागला. सकाळच्याला कुनी एकदम बोलतंय का?”

सिंथेसायझरमध्ये एक नुसता खरखराट असतो, स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखा. तो घेतला, ड्रम मशीनच्या ठोक्यांनी त्याचे तुकडे केले आणि फाडणाऱ्या पेडलमधून काढला. रंगूमामा म्हणाले, “खोकला जमला. तंबाखूचा हाय, पन चालंल.” मग मूळ सूर. तो दोन सुरांचा निघाला, एकमेकांना किंचित न जुळणारे. ते न जुळणेच खरे होते. मी ते जुळवत बसलो होतो. शेवटी विझणे. “साखळी सोडली की त्यो उतारावर सायकल सोडल्यावानी खाली जातो,” मामा म्हणाले. “पायडल न मारता.”

तिसऱ्या दिवशी अकरा सेकंदांचा भोंगा पूर्ण वाजला. मामा उठले. त्यांनी डब्याची पिशवी उचलली, चपला घातल्या आणि दारापर्यंत गेले. गोधडीला हात लागल्यावर थांबले.

“कुठं निघालात?” मी विचारले.

“पाळीला,” ते म्हणाले, आणि परत येऊन बसले.

मी पान भरले. चौतीस रेघा, पेडलांच्या जागा, विजेचा दाब, हवा कोरडी, शीर्षक ‘भोंगा’. खोकल्यात किती तुकडे, सूर किती उंच, विझायला किती वेळ, सगळे विचारून लिहिले. भोंगा किती वेळा वाजवतात आणि कितीचा काय अर्थ, हे विचारले नाही.

मामा पाली गावी लेकीकडे गेले आणि मी गाण्याला बसलो. ड्रम मशीनमध्ये ढोलकीचा ठेका बसवला. भोंगा संपून ढोलकी सुरू होईपर्यंत मध्ये बरोबर एका भोंग्याएवढी जागा रिकामी राहत होती. रिकामी जागा हा उपसंपादकाचा जुना आजार. पानात चार ओळी उरल्या की आम्ही तिथे काहीही टाकत असू: कांद्याचे भाव, हरवलेली बैलजोडी. मी भोंगा पुन्हा टाकला. दोन लांब भोंगे, मग ढोलकी. ऐकायला भरल्यासारखे वाटले.

कॅसेट रौफभाईंच्या रिक्षात गेली. रौफभाई प्रचाराची रिक्षा फिरवत; टपावर चार कर्णे. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला ते कारखान्याच्या गेटसमोर चहाला थांबले. टेप चालू ठेवला, कारण बंद दिसला तर उमेदवार रागावतात. वारा शेतांकडे होता. ढोलकी आणि चेअरमनांचे नाव वाऱ्यात विरले. भोंगे मात्र पोचले, आणि ते बरोबर कारखान्याच्या दिशेने आले.

दहा वाजता टायरच्या दुकानात फोन आला. रंगूमामा कारखान्याच्या टाइम ऑफिसातून बोलत होते. आदल्या संध्याकाळीच ते पालीहून परतले होते.

“साहेब, किती मारले?”

“काय?”

“भोंगे.”

“दोन.”

“दोन कावून?”

“जागा होती.”

 ते म्हणाले, “एक लांब म्हंजी पाळी. दोन लांब म्हंजी गव्हाण चालू, ऊस आना. हितं सा गाड्या हुभ्या हायत. जीप धाडतोय, मशीन घिऊन या.”

गव्हाण म्हणजे कारखान्यात उसाच्या मोळ्या टाकण्याची जागा. तिथून ऊस आत गाळपाला जातो. ती दोन वर्षे कोरडी होती.

मी पोचलो तेव्हा गेटसमोर बैलगाड्या रांगेत होत्या. पहिल्या गाडीवर, मोळ्यांवर, चंद्रकलाबाई बसल्या होत्या. त्यांचा ऊस तीस गुंठे. दोन उन्हाळे विहिरीच्या तळाचे पाणी पाळीपाळीने देऊन त्यांनी तो जगवला होता. भोंगा ऐकल्यावर त्या, त्यांचे दीर आणि जाऊ कोयते घेऊन फडात उतरले. नात्यातली अजून चार माणसे आली. पहिली गाडी भरून इथे आली तरी मागे तोडणी चालूच होती, आणि निम्मा फड आडवा झाला होता. उभा ऊस थांबतो, तोडलेला थांबत नाही. रोज वाळतो, हलका होतो; चार दिवसांत कोणताही कारखाना त्याला हात लावत नाही. जवळचा चालू कारखाना एका बैलगाडीच्या आवाक्यात नव्हता.

“मशीनवालं तुमीच का?” बाईंनी विचारले.

“हो.”

“बगू.”

मी जीपमधले सिंथेसायझर दाखवले. त्यांनी गाडीवरून वाकून पाहिले.

“येवढुश्यातून निगाला व्हय?”

“हो.”

“मंग आता ऊस बी ह्याच्यातच गाळा.”

रांगेतले दोघे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दिराला मागे फडात पिटाळले, तोडणी थांबवायला. त्यांचे तेवढे थांबले. पण बातमी रिक्षापेक्षा पुढे गेली होती. कालव्याकाठच्या सहा गावांत कोयत्यांना धार लावली जात होती. रौफभाईंनी तासाभरापूर्वीच ‘कारखाना बंद आहे, ऊस तोडू नये’ असे पुकारत एक फेरी मारली होती. लोकांना वाटले, ही विरोधी पॅनेलची रिक्षा. एका गावात त्यांना चहा पाजून समजावण्यात आले की इतके खोटे बोलू नये.

“शब्दावर कुनी इश्वास ठिवना,” रौफभाई म्हणाले.

“मग भोंग्यावर ठेवतील,” मी म्हणालो. “मामा, माघारी फिरा सांगणारा भोंगा असतो का?”

मामांनी मान हलवली. “तीन बारके. म्हंजी गव्हाण बंद.” मग म्हणाले, “सत्तावीस वर्सांत म्या त्यो दोनदाच मारलाय. दोनी येळेला पानी संपलं तवा. त्यो आवाज मला आवडत न्हाई.”

“कुनाला आवडतोय?” गाडीवरून चंद्रकलाबाई म्हणाल्या. “मारा.”

टाइम ऑफिसच्या टेबलावर यंत्र मांडले. वही उघडली, चौतीस बटणे रेघांवर आणली आणि वाजवले. जो आवाज निघाला तो भोंग्याच्या आजारी भावाचा होता. कारखान्याच्या लाइनला दाब कमी, बाहेर ऊन. माझी सगळी नोंद तिथे निरुपयोगी होती. मी बटणे इकडेतिकडे फिरवू लागलो. मामा शेजारी येऊन उभे राहिले.

“ह्यात साखळी कंची?”

मी फिल्टरचे बटण दाखवले. ते उघडले की आवाज मोकळा सुटतो, बंद केले की गुदमरतो. त्यांनी ते अंगठा आणि दोन बोटांत धरले आणि उजवा कान स्पीकरकडे केला. पहिल्यांदा जास्त उघडले गेले. दुसऱ्यांदा खोकल्यावरच अडले. चेअरमन तोवर येऊन दारात उभे होते. म्हणाले, “जरा एको टाका, भारदस्त व्हईल.”

“शुद्धिपत्राला एको नसतो,” मी म्हणालो.

“आन बॉयलरपाशी कुनी थांबायचं न्हाई,” मामा वळून न बघता म्हणाले. “बोर्ड हाय तसा.” चेअरमन दोन पावले मागे सरकले.

तिसऱ्यांदा मामांनी मारले. तीन बारके, प्रत्येकाआधी खोकला. माझ्या वहीतल्या आवाजापेक्षा तो अर्धा सूर खाली होता आणि त्याचे दोन सूर जास्तच भांडत होते. पण तो वाजवलेला नव्हता, ओढलेला होता. गेटवरच्या रिक्षाचे कर्णे आम्ही यंत्राला जोडले होते. तिसरा संपायच्या आत बाहेर चाकांचा आवाज आला. कोणी काही सांगितले नव्हते. गाड्या वळत होत्या.

त्या तीन भोंग्यांचे रेकॉर्डिंग घेऊन रौफभाई दुपारभर सहा गावे फिरले. त्यानंतर कुठेही तोडणी झाली नाही. पाच गावांची खातरजमा मी स्वतः केली आहे. सहाव्याचे रौफभाईंच्या शब्दावर लिहीत आहे.

एक गाडी वळली नाही. चंद्रकलाबाईंना वळून जायला जागा नव्हती. मागे निम्मा फड पडलेला होता. सभासदाचा ऊस वाया जाऊ देणार नाही, असे चेअरमन म्हणाले, आणि तो ऊस आवारातल्या छावणीत जनावरांसाठी उतरवून घेतला गेला. कुट्टीच्या यंत्राशी उभ्या राहून बाई बघत होत्या.

“दोन उन्हाळे साखर राखली,” त्या म्हणाल्या. “आता शेन व्हईल तिचं.”

“चूक माझी आहे,” मी म्हणालो.

“ठावं हाय. त्या वहीत लिवून ठिवा.”

मी लिहिले. भोंग्याच्या पानावर, हवेच्या नोंदीखाली ते आहे. पुढचे दोन दिवस मी त्यांच्या फडात पेंढ्या बांधायला गेलो. मी बांधलेल्या पेंढ्या त्यांच्या जाऊबाई सोडून पुन्हा बांधत होत्या. म्हणजे मदत किती झाली, हे वाचकांनी ठरवावे.

चेअरमन निवडून आले. त्यात गाण्याचा हात होता असा पुरावा नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. धरणात पाणी आले. चुकीने तोडलेल्या निम्म्या फडाला बुडख्यांतून नवे कोंब, म्हणजे खोडवा, फुटला, आणि तो राखून ठेवलेल्या निम्म्यापेक्षा जोमाने वाढला. हे मला रौफभाईंनी सांगितले आणि मी जाऊन पाहिले. कारखान्याचा बॉयलर पेटला. हंगामाच्या पहिल्या दिवशी मला बोलावणे आले, माइक लावायला. गव्हाणीची पूजा झाली, पाहुण्यांनी मानाच्या मोळ्या टाकल्या. टोळ्या अजून उतरायच्या होत्या, त्यामुळे सुरुवात कालव्याकाठच्या बैलगाड्यांवर ठरली होती. रंगूमामांना खास परत बॉयलरवर घेतले होते. त्यांनी साखळी ओढली. दोन लांब.

कोणी आले नाही.

अर्धा तास गेला, तास गेला. गेटसमोरचा रस्ता मोकळा. गव्हाणीवर मानाच्या मोळ्या तेवढ्या पडलेल्या. चेअरमन माझ्याकडे बघत होते. “पत्रकारसाहेब,” ते शेवटी म्हणाले, “तीन वर्सं बंद राहून गेली न्हाई ती आमच्या भोंग्याची पत तुमी घालिवली.”  बातमी खरी असूनही आदल्या चुकीमुळे कोणी मानत नाही, हे दैनिकात मी पाहिले होते. तिथे निदान वाचक पत्र तरी लिहितात.

साडेनऊच्या सुमारास वळणावर एक बैलगाडी दिसली. वर मोळ्या, मोळ्यांवर चंद्रकलाबाई. मागे बऱ्याच अंतरावर आणखी दोनतीन गाड्या थांबून बघत होत्या, ही पुढे जाते की परत फिरते.

गाडी गव्हाणीपाशी लागली. मामा बॉयलर हाउसच्या दारात येऊन उभे राहिले.

“कसं कळलं हा खरा आहे?” मी विचारले.

बाईंनी पदर खोचला. “तुमचा भोंगा चांगला व्हता,” त्या म्हणाल्या. “ह्यो सकाळी वरडला तवा आमची शेरडं दावं तोडून पळाली. गंज लागलाय त्याला का घशात घरटं हाय, कुनाला ठावं. म्या जावंला म्हनलं, इतका वंगाळ आवाज त्या मशीनवाल्याला जल्मात निगायचा न्हाई. चल, कोयता घे.”

मामांनी हे उजव्या कानाने ऐकले. ते आत गेले आणि दुसऱ्यांदा साखळी ओढली. खोकला आला, खोकल्याने मध्येच दम सोडला, पुन्हा आला. मग दोन सूर फाटत वर गेले. वळणावर थांबलेल्या गाड्या हलल्या. बाईंनी पहिली मोळी उचलून गव्हाणीत टाकली.

त्या आवाजासाठी मी वहीत एक पान राखले. शीर्षक घातले, हवा लिहिली, चौतीस वर्तुळे काढली. पुढे तीन हिवाळे प्रयत्न करूनही तो आवाज मला काढता आला नाही. वर्तुळे रिकामी आहेत. त्या जागेत मी दुसरे काही टाकलेले नाही.